रुडॉल्फ डिझेल : इंजिनाच्या आकड्यांमागील माणूस

नर्मदेचा धुवाधार धबधबा आणि भेडाघाटचे संगमरवरी कडे यांच्यामुळे जबलपूर देशभर परिचित आहे. लष्करी वाहनांच्या इतिहासातही या शहराचे स्थान तितकेच मोठे आहे. १९०४ साली स्थापन झालेल्या येथील गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ साली शक्तिमान ट्रकची निर्मिती सुरू झाली आणि १९६९ साली वाहनांसाठी स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमानचा आराखडा जर्मनीतील एम.ए.एन. या कंपनीचा होता. हीच कंपनी पुढे ज्या कारखान्यांच्या विलीनीकरणातून घडली, त्यांपैकी ऑग्सबुर्ग येथील कारखान्यात रुडॉल्फ डिझेल यांनी आपले पहिले इंजिन उभे केले होते.

डिझेल हे आज एका इंधनाचे नाव झाले आहे. पंपावर रोज उच्चारले जाणारे हे नाव एका माणसाचे आहे, याचा विसर पडणे स्वाभाविक आहे. मात्र वाहनाच्या माहितीपत्रकातील सीसी, अश्वशक्ती, टॉर्क, संपीडन गुणोत्तर आणि लिटरमागे किलोमीटर हे आकडे समजून घ्यायचे असतील, तर डिझेल यांच्या जीवनाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. कागदावर मांडलेला आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा यांतील अंतर कमी करण्यातच त्यांचे आयुष्य खर्ची पडले.

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील मूळचे बव्हेरियाचे. वडील थिओडोर पुस्तकबांधणीचा आणि चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय करीत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथील ओढगस्तीत बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. त्याला आश्रय देणारे ख्रिस्टोफ बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते. मुलाने अभियंता व्हायचे ठरवले आणि शिष्यवृत्ती मिळवून १८७५ साली म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला.

म्युनिक येथे त्यांना प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांचे मार्गदर्शन लाभले. शीतयंत्रांच्या संशोधनामुळे लिंडे यांचे नाव जगभर झाले. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते आणि उरलेली उष्णता वाया जाते, ही गोष्ट लिंडे यांच्या व्याख्यानांतून डिझेल यांच्या मनावर ठसली. या वाया जाणाऱ्या उष्णतेचे काय करता येईल, हाच त्यांच्या पुढील आयुष्याचा विषय झाला. विषमज्वरामुळे त्यांची अंतिम परीक्षा लांबणीवर पडली, परंतु जानेवारी १८८० मध्ये ते उत्कृष्ट गुणांनी उत्तीर्ण झाले. त्यानंतर दहा वर्षे त्यांनी पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फयंत्रांचे काम पाहिले. १८८३ साली त्यांचा विवाह मार्था फ्लाशे यांच्याशी झाला. १८९० साली हे कुटुंब बर्लिनला आले.

त्यांच्या प्रयत्नांमागे एक सामाजिक हेतूही होता. वाफेची मोठी इंजिने केवळ धनिक कारखानदारांनाच परवडत. लहान, स्वस्त आणि कमी इंधन खाणारे इंजिन मिळाले, तर सुतार, विणकर, छोटा कारागीर हेही मोठ्या कारखान्यांसमोर टिकाव धरतील, असे डिझेल यांना वाटत असे.

सायकलचा पंप जोरात मारला की त्याचे तोंड तापते, हा अनुभव सर्वांचाच आहे. हवा दाबली की तापते. ती पुरेशी दाबली तर तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेट घेते. डिझेल यांच्या इंजिनाचे मर्म इतके साधे आहे. माहितीपत्रकात ज्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात, तो आकडा याच क्रियेचा आहे. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये मावणारी हवा आणि पिस्टन वर गेल्यानंतर उरलेली जागा यांचे ते प्रमाण. आजच्या पेट्रोल मोटारींत ते साधारणपणे ९ ते १२ पट असते, तर डिझेल मोटारींत १५ पट किंवा त्याहून अधिक. गुणोत्तर वाढले की त्याच इंधनातून अधिक काम निघते. परंतु इंजिन तितकेच भक्कम आणि म्हणून जड करावे लागते. डिझेल मोटारीची किंमत आणि वजन जास्त का, आणि ती लिटरमागे अधिक अंतर का कापते, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात या एका आकड्याचा मोठा वाटा आहे.

या कल्पनेचे पेटंट त्यांना फेब्रुवारी १८९३ मध्ये मिळाले. त्याच वर्षी त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी हवा २५० वातावरणांइतक्या दाबापर्यंत नेण्याची आणि इंधनातील ७३ टक्के उष्णता कामी लावण्याची शक्यता गणिताने मांडली होती. ऑग्सबुर्ग कारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स आणि पाठोपाठ क्रुप उद्योगसमूह यांनी प्रयोगांना पाठबळ दिले. प्रत्यक्षात इतका दाब पेलणारे यंत्र त्या काळी बनणे शक्यच नव्हते, आणि दाबाचे लक्ष्य लवकरच कितीतरी खाली आणावे लागले.

पहिल्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास १५० मिलिमीटर होता आणि पिस्टनची धाव ४०० मिलिमीटर. यांनाच आज बोअर आणि स्ट्रोक म्हणतात. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात इंधन म्हणून पेट्रोल सोडण्यात आले. पेट घेतल्याबरोबर सिलिंडरमधील दाब सुमारे ८० वातावरणांवर गेला आणि दाबमापक फुटून उडाला. इंजिन स्वतःच्या बळावर फिरले नाही, परंतु ठिणगीशिवाय ज्वलन होते हे सिद्ध झाले. भारतात १० ऑगस्ट हा दिवस जागतिक जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ. त्या दिवशी इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले, असे अनेक ठिकाणी छापून येते; ते खरे नाही. शेंगदाण्याच्या तेलावर चाललेले इंजिन १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात दाखविण्यात आले होते.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेले इंजिन मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या वेगाने स्वतःहून फिरले. ते जेमतेम एक मिनिट चालले. तेवढ्यासाठी सहा महिने गेले होते. पुढील यशासाठी आणखी तीन वर्षे लागली.

१७ फेब्रुवारी १८९७ हा या कथेतील सर्वांत महत्त्वाचा दिवस. त्या दिवशी तिसऱ्या इंजिनाची अधिकृत चाचणी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी घेतली. या इंजिनाचा बोअर २५० आणि स्ट्रोक ४०० मिलिमीटर होता. या दोन मापांवरून सिलिंडरची क्षमता काढता येते. व्यासाच्या वर्गाला ०.७८५४ ने आणि नंतर धावेने गुणले की उत्तर मिळते. येथे ते सुमारे १९,६०० घन सेंटिमीटर, म्हणजेच १९,६०० सीसी येते. एकाहून अधिक सिलिंडर असतील तर त्यांच्या संख्येने गुणावे. जबलपूरमध्ये बनलेल्या आणि लष्करात अनेक वर्षे वावरलेल्या जोंगा या जीपचे उदाहरण घेता येईल. निसान कंपनीच्या रचनेवर आधारलेल्या या वाहनाचे नावच जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे. त्याच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाचा बोअर ८५.७ आणि स्ट्रोक ११४.३ मिलिमीटर होता. हिशेब केला की ३,९५६ सीसी हा आकडा मिळतो.

डिझेल यांच्या इंजिनाने त्या चाचणीत मिनिटाला १५४ फेऱ्यांवर १७.८ अश्वशक्ती, म्हणजे १३.१ किलोवॉट इतकी शक्ती दिली. आजच्या वाचकाला हा आकडा फारच किरकोळ वाटेल. हल्लीचे दीड लिटरचे डिझेल इंजिन १०० हून अधिक अश्वशक्ती सहज देते. परंतु अश्वशक्ती म्हणजे नुसते बळ नव्हे, तर काम उरकण्याचा वेग. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती, अर्थात ७३५.५ वॉट. ब्रिटिश अश्वशक्ती किंचित मोठी, ७४५.७ वॉटची. त्यामुळे एकाच इंजिनाचे १०० पीएस आणि ९८.६ बीएचपी असे दोन आकडे दिसले, तर त्यात विसंगती नाही. बीएचपीमधील ब्रेक हा शब्दही अर्थपूर्ण आहे. इंजिनाच्या फिरत्या आसावर ब्रेक लावून, घर्षणात गेलेली शक्ती वजा जाता जी हाती उरते, तीच मोजायची असा त्याचा अर्थ.

टॉर्क म्हणजे आस पिळण्याचे बळ. ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. घट्ट बसलेली नटबोल्ट सोडवताना लांब पान्याला लटकावे लागते, तेच हे बळ. डिझेल यांच्या १७.८ अश्वशक्तीच्या इंजिनाचा त्या वेगावरचा टॉर्क हिशेबाने सुमारे ८१० न्यूटन-मीटर येतो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ८० किलोंहून अधिक भार टांगावा, इतका हा पीळ होय. आजच्या दीड लिटर डिझेल मोटारींत तो २५० च्या आसपास असतो. मग जुने इंजिन बलवान की नवे? टॉर्कला फेऱ्यांच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. जुने इंजिन प्रचंड जोराने, पण अतिशय सावकाश फिरत होते. म्हणूनच माहितीपत्रकातील टॉर्क आणि अश्वशक्ती यांच्यापुढे लिहिलेला फेऱ्यांचा आकडा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कमी फेऱ्यांवर पूर्ण टॉर्क मिळणारी गाडी घाटात आणि भरलेल्या वजनासह सहज चढते. फार वरच्या फेऱ्यांवर मिळणारी शक्ती शहरातील रहदारीत क्वचितच कामी येते.

चाचणीतील निर्णायक आकडा मात्र वेगळाच होता. इंजिनाने दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २३८ ग्रॅम रॉकेल जाळले. म्हणजे इंधनातील २६.२ टक्के उष्णता कामी लागली. पुस्तकात मांडलेल्या ७३ टक्क्यांच्या तुलनेत हा आकडा फारच लहान होता, पण वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत तो अडीच पटींहून अधिक होता. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तो संशोधकाने स्वतः सांगितलेला नव्हता. बाहेरच्या तज्ज्ञाने तराजू आणि घड्याळ लावून मोजलेला होता. जगाने डिझेल यांच्यावर विश्वास ठेवला तो या लहान आकड्यामुळे.

यानंतर पैशाचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतील मद्यउद्योजक अडॉल्फस बुश यांनी तेथील हक्क दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ साली स्थापन झालेल्या कंपनीने उर्वरित हक्कांसाठी ३५ लाख मार्क मोजण्याचे ठरवले. डिझेल यांनी म्युनिकमध्ये भव्य घर बांधले. परंतु प्रयोगशाळेत निष्णात हातांखाली चालणारे यंत्र सामान्य कारखान्यातील कामगाराच्या हाती गेल्यावर तसेच चालत नाही, हे लगेच दिसू लागले. सुरुवातीच्या इंजिनांत बिघाड झाले, ग्राहकांनी तक्रारी केल्या, आणि ऑग्सबुर्गमध्ये केवळ या इंजिनांसाठी काढलेला कारखाना अपयशी ठरला. पेटंटमध्ये वर्णिलेली ज्वलनाची रीत आणि प्रत्यक्ष इंजिनातील रीत एक नाही, असा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांनी घेतला. तो निराधार नव्हता. वाद आणि खटले यांनी डिझेल यांची प्रकृती ढासळली.

इंजिन मात्र सुधारत गेले. पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९१२ साली सेलँडिया हे डिझेल इंजिनांवर चालणारे जहाज कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेले. पाणबुड्यांतही ही इंजिने बसू लागली. छोट्या कारागिरासाठी योजलेले यंत्र अशा रीतीने मोठ्या कंपन्या आणि नौदलांचे झाले. डिझेल यांनी १९०३ साली श्रमिकांच्या सहकारी व्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले होते, पण त्याला वाचक मिळाले नाहीत. दुसरीकडे जमिनीच्या सट्ट्यात त्यांचा पैसा बुडत होता. इंधनाच्या एकेका ग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या व्यवहाराचा ताळेबंद कोणा बाहेरच्या तज्ज्ञाने तपासला नव्हता. देणी वाढत गेली आणि कुटुंबालाही त्यांची पुरती कल्पना नव्हती.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी सायंकाळी ते अँटवर्प येथून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या आगबोटीवर चढले. लंडनमध्ये त्यांच्या इंजिनांच्या कंपनीची बैठक होती. सहप्रवाशांसोबत जेवण करून, सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती आणि अंथरुण वापरलेले नव्हते. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातील वस्तू काढून घेऊन तो पुन्हा समुद्रात सोडण्यात आला. त्या वस्तू डिझेल यांच्याच असल्याचे त्यांच्या मुलाने ओळखले. त्यांनी आत्महत्या केली असावी, असे बहुतेक चरित्रकार मानतात. घातपाताच्या शंकाही घेतल्या गेल्या, पण त्यांना पुरावा मिळाला नाही. मृत्युसमयी त्यांचे वय ५५ वर्षांचे होते.

रस्त्यावर धावणारे डिझेल वाहन त्यांना पाहता आले नाही. इंधन सिलिंडरमध्ये ढकलण्यासाठी त्यांच्या इंजिनाला दाबलेल्या हवेचे जड यंत्र लागे आणि ते मोटारीत मावणारे नव्हते. ही अडचण इतर अभियंत्यांनी दूर केली. एम.ए.एन. कंपनीने १९२४ साली थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनाचा ट्रक सादर केला. बॉश कंपनीचा इंधन पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने बनू लागला. १९३६ साली मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटार आली. तिचे इंजिन २,५४५ सीसीचे आणि ४५ अश्वशक्तीचे होते. म्हणजे १८९७ च्या इंजिनाच्या सुमारे आठव्या हिश्श्याच्या आकारातून अडीच पट शक्ती.

जबलपूरचा शक्तिमान याच परंपरेतील. लष्करात तो तीन टनी म्हणून ओळखला जाई. येथे टन हे ट्रकच्या स्वतःच्या वजनाचे नव्हेत, तर खडबडीत वाटेवर त्याने वाहून न्यायच्या भाराचे. वाहनाचे रिकामे वजन, वाहण्याचा भार आणि या दोहोंची मिळून होणारी कमाल मर्यादा हे तीन वेगळे आकडे असतात. जमिनीपासूनच्या उंचीचेही तसेच. ती रिकाम्या गाडीची की माणसे आणि सामान भरल्यावरची, हे विचारूनच खड्ड्यांच्या रस्त्याचा विचार करावा. शक्तिमानची निर्मिती थांबल्यानंतर व्हेईकल फॅक्टरीत स्टॅलियन आणि एलपीटीए हे ट्रक बनू लागले. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी आर्मर्ड व्हेईकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे.

सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने या मापांना थेट पैशांचे मोल आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याहून मोठ्या पेट्रोल आणि डिझेल मोटारींवर तो ४० टक्के आहे. अनेक मोटारींची लांबी नेमकी ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास का असते, याचे कारण या नियमात आहे. मायलेजचा अधिकृत आकडा पुण्यातील १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्थांमधील चाचणीवरून ठरतो. तेथे गाडी रुळांवर, ठरावीक वेळापत्रकानुसार धावते. सिग्नल, चढ, वातानुकूलन आणि पाच माणसे यांचा भार त्यात पुरता उमटत नाही. म्हणून तो आकडा दोन गाड्यांच्या तुलनेसाठी उपयोगी मानावा. महिन्याच्या खर्चाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

माहितीपत्रक हाती आले की प्रत्येक आकड्यापुढे दोन प्रश्न ठेवावेत. हा आकडा हिशेबाने काढलेला आहे की मोजलेला? मोजलेला असल्यास कोणी आणि कोणत्या स्थितीत? रुडॉल्फ डिझेल यांच्या ७३ टक्क्यांचे इंजिन कधीच बनले नाही. त्यांच्या २६.२ टक्क्यांच्या इंजिनाचे वंशज मात्र आजही जबलपूरच्या रस्त्यांवरून मालाचे ट्रक ओढत आहेत.